चौथ्यांदा तीच क्रीम

सुमतीवहिनींची साखर त्या दिवशी दोनशे ऐंशी होती, आणि मी चौथ्यांदा तीच क्रीम लिहून देत होतो.

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात माझा दवाखाना आहे. पंचवीस वर्षं झाली. इथल्या बायका खालच्या अंगाची तक्रार पुरुष डॉक्टरला तोंडावर सांगत नाहीत. बाहेर सिस्टरला सांगतात. सिस्टर ती चिठ्ठीवर लिहून केसपेपरला लावते. मी चिठ्ठी वाचतो आणि मान वर न करता औषध लिहितो. दोघांचीही लाज राहते. ही पद्धत मीच पाडली होती आणि मला तिचा थोडा अभिमानही होता.

वहिनींच्या चिठ्ठीवर दर वेळी तेच असायचं. खाज, अंगावर पांढरं जातं. मधुमेहात लघवीतून साखर जाते, तिथे बुरशी वाढते, खाज सुटते. म्हणून क्रीम. वर्षभरात मी त्यांचे पाय तपासले, डोळे तपासायला पाठवलं. त्यापलीकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी सही करताना चिठ्ठीची शेवटची ओळ दिसली. ‘मधूनमधून लाल डाग.’ वहिनींची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. मी सिस्टरला आत बोलावून विचारलं, हे कधीपासून?

“सर, मागच्या दोन चिठ्ठ्यांवरही लिहिलं होतं.”

मी क्रीम खोडली आणि त्यांना म्हापशाच्या एका लेडी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी पॅप स्मिअर घेतला, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी ब्रशने अलगद काढून लॅबमध्ये पाठवल्या. सोबत एचपीव्ही या विषाणूची टेस्ट. रिपोर्ट माझ्याकडे आला. विषाणू होता, पेशीही बदललेल्या होत्या. आता बायॉप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणं, लवकर व्हायला हवी होती. उशीर झाला तर कॅन्सरची भीती.

इथे मी दुसरी चूक केली. रिपोर्ट न्यायला त्यांचा मुलगा दत्ता आला. ओपीडी भरलेली होती. व्हायरस सापडलाय, आईला म्हापशाला घेऊन जा, एवढंच मी सांगितलं. त्याने बाहेर जाऊन रिपोर्टवरचं विषाणूचं नाव मोबाइलवर शोधलं. शरीरसंबंधातून लागणारा रोग, एवढंच त्याने वाचलं.

तीन आठवडे वहिनी आल्या नाहीत, शुगरच्या गोळ्यांनाही नाहीत. सिस्टर त्यांच्याच वाडीतली. तिच्याकडून कळलं की सुनेने सासूचा साबण-टॉवेल वेगळा केलाय, दत्ता आईशी बोलत नाही, आणि वहिनी आता कुठल्याच डॉक्टरकडे जाणार नाही म्हणतात.

रविवारी सकाळी मी धारगळला गेलो. हायवेच्या कडेला त्या भाजी विकायला बसतात. दत्ता टेम्पोतून क्रेट उतरवत होता. त्यालाही जवळ बोलावलं. वहिनी माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, माझो घोव जावन बारा वर्सां झाली. माका ह्यो रोग आता खंयसून लागलो?”

मी सांगितलं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी लागतोच. तो वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, नवरा जाऊन बारा वर्षं झाली तरी. कधी आला, कुणाकडून आला, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. बहुतेकींचं शरीर त्याला आपोआप हाकलतं. साखर बराच काळ वाढलेली असली की शरीराची ती ताकद कमी पडते. मधुमेह असलेल्या बायकांमध्ये हा विषाणू जास्त टिकतो, असं काही अभ्यास म्हणतात. सगळं सिद्ध झालेलं नाही. पण वहिनींनी काही वाईट केलेलं नाही, आणि टॉवेल वेगळा करायची गरज नाही.

दत्ता रिकामा क्रेट धरून उभा होता. “मगे ह्या तुमी त्याच दिसा कित्याक सांगूक नाय?”

“त्याच दिवशी सांगायला हवं होतं. चुकलो,” मी म्हणालो.

वहिनी भेंड्या नीट मांडत होत्या. “त्यांका कित्याक बोलतंस?” त्या मुलाला म्हणाल्या. “तू तरी माका खंय विचारलंस?”

दत्ताने क्रेट खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तोच आईला म्हापशाला घेऊन गेला.

बायॉप्सीत कॅन्सर निघाला नाही. त्याच्या आधीची पायरी निघाली. ऑपरेशननंतर जखम नीट भरावी म्हणून आधी साखर खाली आणायची होती. त्यासाठी तीन आठवडे इन्शुलिन दिलं. मग लेडी डॉक्टरांनी तेवढा बिघडलेला भाग काढला. पुढच्या वर्षीच्या टेस्टमध्ये विषाणू नव्हता.

तो रिपोर्ट घेऊन वहिनी आल्या तेव्हा मी त्यांना सगळं कबूल केलं. चिठ्ठी नीट वाचली असती तर त्यांना कितीतरी आधी पाठवलं असतं.

“ठावक आसा माका. म्हापशाच्या डॉक्टर बायन सांगल्यान.”

तरी माझ्याचकडे का येता, मी विचारलं.

“मगे कोणाकडे जावचा? दुसरो डॉक्टर दुपारी निजता.”

बुरशीचं माझं निदान चुकीचं नव्हतं. लेडी डॉक्टरांना तीही सापडली होती. एक बरोबर निदान हाती लागलं की डॉक्टर पुढे शोधायचं थांबतो. मी वर्षभर थांबलो होतो.