आतोबांची वस्तीपाहणी

माझ्या आतोबांनी जेवढं पुणं पायाखाली घातलं तेवढं कुठल्या अस्सल पुणेकराच्या सात पिढ्यांनी मिळूनही घातलं नसेल. आणि गंमत अशी, की हा माणूस पुण्यात एक रात्रसुद्धा कधी झोपला नाही! दर वर्षी वैशाख लागला की कोकणातून बिऱ्हाड उचलायचं, चिंचवडला एका शेतकऱ्याच्या गोठ्यालगतच्या दोन खोल्या महिना-दीड महिना भाड्यानं घ्यायच्या, आणि सकाळच्या गाडीनं पुण्यात जाऊन रात्रीच्या गाडीनं परत यायचं. मी एकदा म्हटलं, "आतोबा, माझी पुण्यात खोली आहे. तिथंच उतरत जा की." तर म्हणाले, "अरे मेल्या, शहर बघायचं तर बाहेर राहून बघावं. आत राहिलं की माणूस शहराची बाजू घ्यायला लागतो."

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सगळी हयात जकात नाक्यावर गेलेली. येणाऱ्या प्रत्येक गाडीतलं प्रत्येक गाठोडं सोडून बघायचं, वर गवत दिसलं तर खाली काय आहे ते चाचपायचं, हा स्वभाव पेन्शनीबरोबर घरी आला. भाजीवाली कोथिंबिरीची जुडी देऊन पुढच्या दारी पोचेपर्यंत यांनी ती सोडून, आतली पिवळी काडी काढून तिच्यामागे धावत जाऊन दाखवलेली असे. आत्यानं नवी साडी आणली तर आधी उलटी करून बघत. डॉक्टरांनी यांची नाडी बघितली की यांनी डॉक्टरांचं घड्याळ बघितलंच. अशा माणसावर मुलीसाठी स्थळ शोधायची पाळी आली, म्हणजे काय झालं असेल याची कल्पना करा.

माझी आतेबहीण कुसुम ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्यासाठीच तर हे चिंचवडचं बिऱ्हाड! तेव्हा आमच्याकडे ही पद्धतच होती. गावाकडे स्थळं मिळेनात की सुट्टीत मुलीला घेऊन पुण्याच्या आसपास येऊन राहायचं, आणि महिनाभरात होतील तेवढी स्थळं उरकायची. लोक येऊन मुलगा बघत, मुलाचं घर बघत, पगार विचारत. आमचे आतोबा मुलाकडे ढुंकूनही बघत नसत. ते वस्ती बघत. आणि वस्ती कशावरून बघायची? तर बागेवरून! मुलगा ज्या पेठेत राहतो तिथली जवळची बाग गाठायची आणि संध्याकाळभर बाकावर बसून राहायचं. "घर काय, पाहुणा येणार म्हटल्यावर कुणीही झाडून ठेवतो," ते म्हणत. "बाग कुणी आपल्यासाठी झाडत नाही. वस्ती तिथं खरी दिसते."

सुट्टीच्या दिवशी त्यांच्या शेजारी बसायचं काम माझं. एका प्राध्यापकाचं स्थळ आलं होतं. घरी चार माणसं, सगळी शिकलेली. त्यांच्या जवळच्या बागेत आम्ही गेलो तर जिकडेतिकडे पाट्या. हिरवळीवर चालू नये, फुले तोडू नयेत, बाकावर झोपू नये. आतोबांनी सगळ्या पाट्या वाचल्या आणि उठले. "बागेत एवढे 'नये', तर घरात किती असतील? चल!" स्थळ मोडलं. दुसरा एक मुलगा लष्कर भागातला. एम्प्रेस गार्डन बघून आतोबा हरखून गेले, दोन तास झाडांखाली फिरले, आणि दारातून बाहेर पडताना म्हणाले, "इथं सगळे मोटारीतून येतात. आपली पोर चालत येणार. तिच्याकडे कोण बघेल?" तेही मोडलं. एकदा तर पेशवे पार्कात ते येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांचे चेहरे इतके निरखून बघत बसले, की रखवालदार दंडुका आपटत आला. "काय हो आजोबा, रोज इथं बसून काय बघता?" आतोबा शांतपणे म्हणाले, "मुलीसाठी स्थळ बघतोय." तो म्हणाला, "माकडांच्या पिंजऱ्यापुढं?" मी त्यांचा हात धरून त्यांना जवळजवळ ओढत बाहेर आणलं. असला मनस्ताप दर आठवड्याला!

हसू येतं आता. तेव्हा येत नव्हतं. हा तिसरा वैशाख होता. आत्या माझ्याजवळ डोळे पुसायची. "अरे, हे मुलगा बघायला जातात आणि बाकडी बघून येतात. पोरीचं वय थांबतंय का?" घरमालकीण तर तोंडावरच बोलायची. तिला सगळे वैनी म्हणत. धार काढता काढता तिनं एकदा आतोबांना विचारलं, "अण्णा, जावई शोधताय का मळा इकत घेताय वो?" आतोबा छत्री टेकवून म्हणाले, "मळा नापसंत पडला तर विकता येतो, वैनी." वैनी पुन्हा म्हशीकडे वळली. पण कुसुमच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. सुट्टीच्या रात्री मी आतोबांना चिंचवडला पोचवायला आलो की ती दारात उभी असायची, विचारायची काही नाही, नुसती आमच्या चपलांकडे बघायची.

अशात पिंपरीचा मधुकर आला. पिंपरीला नवा औषधांचा कारखाना निघाला होता, त्यात तो नोकरीला. मूळचा नगरकडचा, आईबाप नाहीत, कारखान्यानं दिलेल्या दोन खोल्यांत राहायचा. बघण्याचा कार्यक्रम चिंचवडच्या खोलीतच झाला. कुसुमनं पोहे आणले, खाली मान घालून बसली. मधुकरच्या काकांनी स्वयंपाक, शिवण, सगळं विचारून घेतलं. मग मधुकरला म्हणाले, "तुला काही विचारायचंय?" तो म्हणाला, "मला नाही. त्यांना काही विचारायचं असेल तर विचारू देत." तीन वर्षांत कुसुमला हे कुणी म्हटलं नव्हतं. तिनं मान वर केली आणि विचारलं, "तिथं वाचायला काही मिळतं का?" मधुकर म्हणाला, "नाही हो. सध्या तिथं काहीच मिळत नाही." आणि हसला. कुसुमही हसली.

पाहुणे गेल्यावर तिनं मला गोठ्याआड गाठलं. "दादा, मला हा मुलगा पसंत आहे. अण्णा उद्या पिंपरीची वस्ती बघायला जाणार. त्यांनी नाही म्हटलं तर मी पुन्हा कुणापुढं पोहे घेऊन बसणार नाही. कध्धीच नाही. तू काहीही कर." मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "काळजी करू नकोस." म्हटलं खरं, पण एक मोठी अडचण होती. पिंपरीला बाग नव्हती! बाग सोडा, सावलीला धड झाड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आम्ही चिंचवडहून चालत निघालो. मी वाटभर बडबडत होतो, आतोबा हूं की चूं करत नव्हते. कारखान्याच्या बाजूला पोचलो. समोर उजाड माळ, खडीचे ढीग, आणि मधे नव्या खोल्यांच्या चार-पाच रांगा. आतोबा थांबले. चारी दिशांना वळून बघितलं. छत्री मिटली.

"बाग कुठाय?"

"होणार आहे, आतोबा. नकाशात आहे, असं मधुकर म्हणत होता." हे मी तिथल्या तिथं रचलं होतं.

"नकाशात मुलगी नांदत नाही," आतोबा म्हणाले आणि मागे वळले.

मी वाटेत आडवा उभा राहिलो. तोवर मी त्यांना कधी उलटून बोललो नव्हतो. म्हटलं, "नाही, आतोबा! पुण्यातल्या प्रत्येक बागेत तुम्ही संध्याकाळभर बसलात. त्या प्राध्यापकालासुद्धा अर्धा तास दिलात. इथं उभ्या उभ्या निकाल द्यायचा नाही. बाक नाही तर खडीवर बसा, पण बसा!" आतोबांनी माझ्याकडे असं बघितलं, की आता छत्री पाठीत बसते असं मला वाटलं. पण माणूस नियमाचा पक्का. "हे बरोबर," म्हणाले, धोतर सावरलं आणि खडीच्या ढिगावर बसले.

भोंगा झाला. शिफ्ट सुटली, माणसं सायकलींवरून परतू लागली. थोड्या वेळानं उकाड्यामुळे एकेका खोलीतून बाजा बाहेर आल्या. पुरुष एकीकडे टेकले, बायका उंबऱ्यांवर येऊन बसल्या. कुणी वऱ्हाडची, कुणी कोकणातली, कोपऱ्यात एक सिंधी बाई आपल्या भाषेत काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या न कळता हसत होत्या. मधुकर एका बाजेवर दिसला. आम्ही त्याला दिसलो नाही. आतोबांचं लक्ष बायकांवर, माझं आतोबांवर.

आणि नेमकं तेव्हाच एक बाई कमरेवर हात ठेवून भर रस्त्यात उभी राहिली आणि मधुकरशेजारच्या माणसावर ओरडली, "आवं, उठा की आता! तुमच्या गप्पांपायी माझी भाकर करपली! त्या भाकरीसंगं तुमालाबी टाकू का चुलीत?" सगळा माळ ऐकत होता. कप्पाळ माझं! मी घाईघाईनं म्हटलं, "आतोबा, त्या बाईंना बरं नसेल. सगळ्या काही अशा नसतात." आतोबांनी बोट वर करून मला गप्प केलं. तो नवरा "आलो, आलो" करत उठत होता आणि मधुकर खदखदून हसत त्याला मागून ढकलत होता. आतोबा बघतच राहिले. मग उठून चालू लागले. मला काहीच सांगेनात. मी दोनदा विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाले, "इथल्या बायका नवऱ्यावर ओरडतात."

संपलं सगळं, मला वाटलं. आता कुसुमला काय तोंड दाखवायचं?

घरी आलो तर कुसुम दारात, आत्या तिच्यामागे, आणि वैनी उगाचच अंगणात केर काढत असलेली. आतोबांनी छत्री खुंटीला लावली, पाय धुतले, पाटावर बसले. आम्ही सगळे उभे. मग ते म्हणाले, "कुसुम, तुला ओरडता येतं का गं?"

"म्हणजे काय, अण्णा?"

"ओरडता. मोठ्यानं. चारचौघांत. पुण्यातल्या बागांतून मी तीन वर्षं बायका बघितल्या. नवऱ्याच्या चार पावलं मागून, मान खाली घालून चालणाऱ्या. आज पहिल्यांदा न भिणाऱ्या बघितल्या. पण तिथं तुझ्यासारखी पुटपुटणारी पोर टिकायची नाही. ओरडून दाखव."

कुसुमनं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, आवाज फुटेना. जन्मात ती वडिलांपुढं मोठ्यानं बोलली नव्हती. आत्या रडायलाच लागली. मी मनात म्हणत होतो, ओरड गं बाई, ओरड! आणि एकदम डोळे मिटून, मुठी आवळून कुसुम ओरडली, "अण्णा, हो म्हणा! आता तरी हो म्हणा!"

गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. वैनी केरसुणी घेऊन धावत आत आली. "काय झालं? कोण मेलं?"

"कुणी नाही, वैनी," आतोबा म्हणाले. त्यांचाच आवाज आता पुटपुटल्यासारखा झाला होता. "नांदेल. पोर नांदेल माझी."

लग्न त्याच वैशाखात झालं. आता आतोबांना चिंचवडला यायचं काहीच कारण उरलं नव्हतं. तरी पुढच्या वैशाखात आत्या आणि ते दोघं त्याच खोल्यांत येऊन राहिली! आमच्याकडे मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, आणि आतोबा तर नियमाचे पक्के. आत्या कुसुमकडे जाऊन दिवसभर राहायची. आतोबा रोज भर उन्हात पिंपरीपर्यंत चालत जायचे, रांगांमधून छत्री टेकत हिंडायचे आणि तसेच परत फिरायचे. "नव्या खोल्या बांधतायत, जरा वस्ती बघून येतो," असं सांगायचे. जकात नाक्यावर इतकी लबाड गाठोडी धरली, पण स्वतःचं गाठोडं काही त्यांना झाकता येत नव्हतं.

एका दुपारी मी त्यांच्याबरोबर होतो. ऊन असं, की बोलायला जीभ उचलत नव्हती. कुसुमनं आम्हाला खिडकीतून बघितलं आणि तांब्या घेऊन धावत बाहेर आली. "अण्णा, घोटभर तरी घ्या." आतोबांनी मान हलवली. ओठ सुकून पांढरे झाले होते, तरी नाही म्हणाले. मला त्यांचा राग आला, खरंच आला. कुसुमनं एकदा त्यांच्या ओठांकडे बघितलं. मग तांब्या तिनं पायरीवर ठेवला, वडिलांचा हात धरून त्यांना रस्त्याच्या कडेला नेलं. तिथं सगळ्या रांगेला मिळून एक नळ होता.

आतोबांनी नळाकडे बघितलं. "हा कुणाचा?"

"सगळ्यांचा आहे, अण्णा," कुसुम म्हणाली आणि तिनं चावी फिरवली.

त्यांनी छत्री माझ्याकडे दिली, वाकले आणि ओंजळ धरली. ते पोटभर पाणी प्यायले. पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा प्यायले. कुसुम पदर तोंडाशी धरून रडत होती आणि मलाही काही धड दिसत नव्हतं. मग त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि म्हणाले, "येतो गं. उद्या पुन्हा यावं लागेल. पलीकडची रांग अजून बघायची राहिलीय."