मानेतली नळी

ऐंशीच्या सुमारास मी धंतोलीतल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स होते. उमरेडच्या विणकराची बायको, जेमतेम विशीतली, दहा दिवसांचं बाळ पदरात घेऊन एसटीनं आली. पहिलंच मूल. आतड्याला पीळ पडला होता. ऑपरेशन झालं, पण इतक्यात दूध पाजता येणार नव्हतं आणि हातापायांच्या शिरांत सुई टिकत नव्हती. म्हणून डॉक्टरांनी मानेतल्या शिरेतून थेट हृदयाजवळपर्यंत एक बारीक नळी सरकवली आणि टाके घालून बसवली. बाळाचं सगळं पोषण तिच्यातूनच.

नळी निसटली तर रक्त जाईल, म्हणून बाळाला उचलायचं नाही, असं मी आईला बजावलं होतं. ती खाटेशी उभी राहून एका बोटानं त्याचा तळपाय चोळायची. रोज म्हणायची, "एक डाव घेऊ द्या नं बाई. त्याले माहा वास तरी येऊ द्या." मी रोज नाही म्हणायची.

आठव्या दिवशी पट्टी बदलताना नळीभोवती लाली दिसली. जरा दाबलं तर पू आला. दुपारपर्यंत बाळ तापानं फणफणलं. डॉक्टर म्हणाले, जंतू नळीवरच बसलेत, ती काढल्याशिवाय औषध लागू पडायचं नाही. नळी काढली. घोट्याजवळ कापून दुसरी शीर मिळवली, तीही दुसऱ्या दिवशी सुजून बंद झाली. तोवर बाळ गार पडत चाललं होतं. डॉक्टरांनी हात धुतले. मग हळूच म्हणाले, आईजवळ द्या.

मी तिला म्हटलं, "घे वं माय."

ती मागं सरली. "आता काहून देता?"

मी बाळ तिच्यापुढं धरलं. तिला कळलं. तिनं त्याला उराशी घेतलं, तोंड छातीला लावलं. ओठ हलले नाहीत, दूध मात्र त्याच्या गालावरून ओघळत राहिलं. तासाभरानं तो गेला.

जाताना तिनं विचारलं, आधी घेतलं असतं तर नळी खरंच निसटली असती का? मी हो म्हटलं. तिनं मला हात जोडले.

पट्टी रोज मीच बदलत होते. जंतू कुठून आले, मला कधीच कळलं नाही. पुढं अशी बाळं आली की मी नळी स्वतः धरून त्यांना आईच्या मांडीवर देऊ लागले. एकदाही निसटली नाही.