फाटलेला मांडा

मेहरूण भागात आमच्या शेजारी राहणाऱ्या सुमनअक्का दार उघडायच्या कोपराने, फोन उचलायच्या कोपराने आणि आलेल्या गिऱ्हाइकाला बसायला सांगायच्या तेही कोपरानेच. हात कायम सैल कणकेत माखलेले. पुरण भरलेला गोळा हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरायचा आणि तापलेल्या उलट्या खापरावर अलगद टाकायचा, हा त्यांचा मांड्यांचा धंदा. कुणी घाई केली की म्हणत, "खापरले घाई समजस नही, भाऊ. बसा तठे."

धंदा काही हौसेचा नव्हता. नाना, म्हणजे त्यांचे यजमान, टेम्पो चालवत. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली आणि अक्कांनी माहेरी, शिंदखेड्याकडे, लग्नकार्यात शिकलेल्या मांड्यांवर घर येऊन पडलं. पण कार्यात चार मांडे करणं वेगळं आणि रोज विकणं वेगळं. सुरुवातीला निम्मे खापरावर पडताच फाटत. अक्का रडकुंडीला येत. मग आतल्या खाटेवरून नानांचा जड, अडखळता आवाज येई, "फाटना का? आण, तो मना." फाटलेला मांडा त्यांच्याच ताटात जाई; जेवायला घरात दुसरं काही नसे. "आज बी मांडाच! राजाना घर शे आपलं," ते म्हणत. मला ते ऐकून हसू येत नसे.

एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, घडी घालून द्या, फाटलेलं कुणाला दिसतंय? अक्का कडाडल्या, "लोके पितरस्ले निवद दाखाडतस, ताई! घडीमा लपाडू का?"

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. मागोमाग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. त्या दिवशी आमच्याकडे पितरांना आगारी देतात, निखाऱ्यावर घास सोडतात, आणि त्याला मांडा लागतोच. लोक म्हणाले, यंदा राहू द्या. पण गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दारी गेलं की परतत नाही, हे अक्का जाणून होत्या. पहाटेच चूल पेटली. मी मदतीला होते. साऱ्या गल्लीच्या पितरांचे मांडे झाले, एकही फाटला नाही. दर मांडा उतरवताना अक्का आतल्या रिकाम्या खाटेकडे बघत.

शेवटचा मांडा नानांचा. तोही अख्खा उतरला.

"अक्का, किती सुरेख झालाय," मी म्हटलं.

त्यांनी तो पाटावर ठेवला, थोडा वेळ पाहिला आणि मधोमध बोट घालून फाडला.

"त्यास्ले आख्खा कधी भेटना, ताई? आख्खा पाहीसन वळखतीन का नाना?"