आधी आवस, मगे पोरां

परबसाहेब सर्व्हर रूममध्ये शिरायचे ते नाकाने. दार अर्धं लोटायचे, मान आत घालून दोनदा हुंगायचे आणि मग तो शब्द यायचा. "शी!"

मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलात मी रुजू झाले त्या दिवशी हे "शी" मलाच उद्देशून आहे असं वाटून मी ओशाळले होते. ते होतं पापलेटांसाठी. अख्ख्या इमारतीत सगळ्यात गार खोली आमची, म्हणून अकाउंट्समधल्या कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत आणलेली पापलेटं पिशवीसकट रॅकच्या मागे ठेवली होती. साहेबांनी ती पिशवी दोन बोटांत धरून सगळा कॉरिडॉर ओलांडला आणि अकाउंट्सच्या टेबलावर, बिलांच्या गठ्ठ्यावर नेऊन ठेवली. "माशार माझो जीव आसा," ते म्हणाले, "पण हय बायकांचे फोटो आसत. लाज बाळगा मेल्यानू!"

उंच, काटकुळा माणूस. राहायला नाहूरला, मूळचे मालवणकडचे. वरिष्ठांशी अगदी कडक इस्त्रीची मराठी बोलायचे, पण चीड आली किंवा माया दाटली की गावची भाषा बाहेर पडायची. चीडच जास्त यायची. धुळीची यायची, सांडलेल्या चहाची यायची, आणि सगळ्यात जास्त "चालतंय ना साहेब, मग कशाला हात लावायचा?" या वाक्याची. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "चालता म्हणजे बरा आसा असा नाय."

त्यांनी म्हटलेले फोटो म्हणजे हॉस्पिटलात काढलेले एक्स-रे, स्कॅन, मॅमोग्राफी. ते सगळे एका मोठ्या कपाटातल्या डिस्कवर साठवलेले असत, आणि बाजूचे सर्व्हर ते तिथून काढून डॉक्टरांच्या पडद्यावर पाठवत. डॉक्टर गेल्या खेपेचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी शेजारी लावून बघतात. गाठ जुनीच आहे की नवी, वाढली की तेवढीच आहे, हे त्यावरून कळतं. जुना फोटो नसेल तर डॉक्टर अर्धा आंधळा. म्हणून त्या कपाटाला साहेब आवस म्हणत, म्हणजे आई. ते बंद करायचं तर आधी सगळे सर्व्हर बंद करायचे, मग शेवटी ते. चालू करताना उलट. "आधी पोरां निजतली, मगे आवस. आधी आवस उठतली, मगे पोरां. घरात काय वेगळा असता गो?" वर्षभर न थांबता फिरलेल्या डिस्क एकदा थांबल्या की उठायला कुरकुरतात. कपाट जागं होऊन, सगळ्या डिस्क तपासून हिरवा दिवा लावतं. तोवर साहेब कुणाला कशालाही बोट लावू देत नसत. तेवढा वेळ ते हाताची घडी घालून कपाटासमोर उभे राहत.

पण बंद करायलाच मिळायचं नाही. धूळ काढायची आहे, बॅटऱ्या बदलायच्या आहेत, थकलेल्या डिस्क काढून नव्या घालायच्या आहेत, एक दिवस द्या, असं ते मागत आणि आमचे ॲडमिनिस्ट्रेटर बर्वेसाहेब हसत. "परब, हॉस्पिटल बंद ठेवू म्हणता?" शेवटी साहेबांनी शक्कल लढवली. मी येण्याच्या आधीची ही गोष्ट, त्यांनीच मला सांगितलेली. त्यांनी अर्ज केला की खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायला हवी, आणि चालू यंत्राची पूजा करत नाहीत. परवानगी त्याच दिवशी मिळाली! देखभालीसाठी एक तास न देणाऱ्यांनी देवासाठी अर्धा दिवस दिला. साहेब सकाळीच सगळं क्रमाने बंद करत, अर्ध्या दिवसात जमेल तेवढं आवरत, एक फूल वाहत आणि पुन्हा क्रमाने चालू करत. वर्षातलं एवढंच काय ते त्यांचं समाधान.

पुढे त्या फुलाचा बाजार झाला. पहिल्यांदा मोठी रांगोळी आली. मग गुरुजी आले. मग पेढे, फोटोग्राफर आणि चेअरमनसाहेब. कुंकू आणि अक्षता यंत्रांतल्या पंख्यांनी आत ओढून घेतल्या आणि आम्ही आठवडाभर ब्रशने कुंकू काढत बसलो. एका वर्षी गुरुजींनी रॅकच्या कडेवरच नारळ फोडला. साहेबांनी खिशातला रुमाल काढून पाणी टिपलं आणि तो रुमाल तिथेच कचऱ्यात टाकला. "शी शी शी," एवढंच म्हणाले. मी माझा पेढा तसाच परत ठेवला. भक्ती कुणाच्याच तोंडावर नव्हती, सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते.

मग एका वर्षी चेअरमनसाहेब उशिरा आले आणि त्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. यंत्र चालू करण्याचं बटण त्यांच्या हस्ते दाबायचं ठरलं होतं. साहेबांनी कपाट नुकतंच चालू केलं होतं, दिवा अजून पिवळाच होता. ते हाताची घडी घालून उभे.

"परब, मुहूर्त टळतोय," बर्वे म्हणाले.

"डिस्क उठताहेत, साहेब. थोडं थांबावं लागेल."

"अहो, चेअरमनसाहेब थांबलेत!"

"मग त्यांना खुर्ची द्या."

बर्व्यांनी खुर्ची दिली नाही. हार घातलेला, पुढचा, फोटोत छान दिसेल असा सर्व्हर दाखवला आणि चेअरमनसाहेबांनी त्याचं बटण दाबलं. टाळ्या झाल्या. मग सर्व्हरला डिस्क सापडेनात, आणि पडद्यावर भला मोठा लाल मजकूर आला. फोटोग्राफरने तोही टिपला. बर्व्यांचा चेहरा पडला. साहेब त्या सर्व्हरकडे वळले तेवढ्यात, मोबाइल अडकला की आपण करतो तसं, बर्व्यांनी कपाटाचं मुख्य बटण बंद केलं आणि लगेच पुन्हा चालू केलं. "होतं असं कधी कधी," ते हसून म्हणाले. "बंद करून चालू केलं की येतं."

कपाटातून कट कट कट असा आवाज यायला लागला. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

कपाट उठलं, पण जुन्या डिस्क एकामागून एक बसल्या. दुसरी प्रत ठेवायला वेगळं कपाट हवं म्हणून साहेब किती तरी दिवस मागे लागले होते. ते मंजूर झालं नव्हतं, लॉबीतलं कारंजं झालं होतं. अलीकडचे फोटो हाती लागले. जुनी मॅमोग्राफी गेली ती गेलीच.

खरी घाण त्यानंतर सुरू झाली. बर्व्यांनी रेडिओलॉजीच्या काउंटरला तोंडी हुकूम दिला की जुने फोटो मागितले तर 'सिस्टिम स्लो आहे, पुढच्या आठवड्यात या' म्हणायचं. ज्या बाईच्या काखेत गाठ लागली आहे, तिला पुढच्या आठवड्यात या! आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. साहेबांपुढे त्यांनी एक टाइप केलेला कागद ठेवला. डिस्क जुन्या झाल्याने आपोआप निकामी झाल्या, खाली सही. मी तिथेच होते.

"तुमच्यावर काही येत नाही, माझ्यावर काही येत नाही," बर्वे म्हणाले. "डिस्क काय बोलायला येतेय? कशाला पायावर धोंडा मारून घेताय?"

साहेबांनी तो कागद दोन बोटांत धरला, पापलेटांची पिशवी धरली होती तसाच, आणि परत टेबलावर ठेवला. मग खाली जाऊन रेडिओलॉजीच्या काउंटरला उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगू लागले, "बाई, तुमचे जुने फोटो आमच्या चुकीने गेले. परत मिळणार नाहीत. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. घरी जुनी फिल्म असेल तर घेऊन या." बायका भडकल्या. एकीने विचारलं, "तुम्ही काय झोपला होता?" साहेब म्हणाले, "चूक आमचीच." पण दुसऱ्या दिवसापासून फिल्म यायला लागल्या. गादीखालून, कपाटावरून, साडीच्या पिशवीतून. डॉक्टर त्या उजेडाला धरून बघायला लागले. एका बाईची गाठ जुन्या फिल्मवर नव्हतीच. तिला त्याच दिवशी दाखल करून घेतलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांकडे राजीनामा मागण्यात आला. त्यांनी तो लिहूनच आणला होता.

मी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. मला रडू आवरत नव्हतं. "बर्व्यांनी केलं आणि तुम्ही का जाताय?" मी म्हटलं. "चूक तुमची कुठे होती?"

"माझीच गो," ते म्हणाले. "देवाक हय कोणी आणल्यान? मीच आणलंय. मशीन बंद ठेवची आसत, असा सरळ सांगून भांडाक होया होता. मी लबाडी केलंय. बर्व्यान ती नुसती मोठी केल्यान." मग म्हणाले, "त्या कागदार सही म्हणजे दुसरी लबाडी. ती माका जमाची नाय."

हॉस्पिटलच्या दाराकडे बघत त्यांनी नाक मुरडलं आणि निघून गेले. आता गावी असतात. फोनवर आधी कपाटाची चौकशी करतात, मग माझी.

त्यांची जागा आता माझ्याकडे आहे. परवाच्या मीटिंगमध्ये मी देखभालीसाठी एक दिवस मागितला. बर्वे माझ्याकडे बघून प्रेमाने हसले. "अहो मॅडम, खंडेनवमी आहेच की जवळ. पूजेचा अर्ज टाका, लगेच देतो. परबांच्या वेळेला द्यायचोच ना?"

"शी!" मी म्हटलं. अख्ख्या मीटिंगला ऐकू गेलं. मग मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "पूजा नाही. डिस्क म्हाताऱ्या झाल्यात, त्या बदलायच्या आहेत, म्हणून बंद ठेवायचं आहे."

परवानगी मिळाली नाही. उद्या पुन्हा मागणार आहे, याच शब्दांत.