पेढे आधी, निकाल नंतर

पेढे मी आधीच वाटले, ही माझी पहिली चूक. इंग्लंडमधल्या आमच्या लेस्टरच्या लॅबमध्ये दोन पद्धतींची तुलना चालली होती आणि माझ्या प्रेझेंटेशनच्या स्लाइडवर ‘प्लेट’ जिंकली होती. गेले सहा महिने मीच तिचा प्रचार करत होतो. म्हणून सकाळी बेलग्रेव्ह रोडवरून पेढे घेऊनच मीटिंगला गेलो.

काम असं. पेशीत आरएनए असतो, म्हणजे त्या घटकेला चालू असलेल्या कामांच्या चिठ्ठ्या. पूर्वी हजारो पेशींच्या चिठ्ठ्या आम्ही एकत्रच वाचायचो. सोसायटीच्या मीटिंगमधला गलका ऐकावा तसं. आता प्रत्येकीच्या दारात जाऊन विचारता येतं. याला म्हणतात सिंगल-सेल सीक्वेन्सिंग. त्यासाठी एका पद्धतीत पेशी तेलातल्या इवल्याशा थेंबात पकडतात, दुसरीत प्लेटवरच्या खळग्यात.

शुक्रवारी पहिल्या पेशंटच्या गुडघ्यातला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा येणार होता. एकदा वापरला की संपला. दुसरा मागायची सोय नाही. पद्धत त्याआधी ठरायला हवी होती.

“प्लेटने जास्त जनुकांच्या चिठ्ठ्या पकडल्या,” मी म्हणालो.

माझी बॉस हेलन पेढा खात होती. “तिला रीड्स किती दिलेस?”

रीड म्हणजे मशीनने एक चिठ्ठी एकदा वाचणं. मी बघितलं. थेंबातल्या पेशीपेक्षा प्लेटवरच्या पेशीला कितीतरी पट जास्त. एका मुलाला तीन तास पेपर लिहू दिला, दुसऱ्याचा अर्ध्या तासात हिसकावला, आणि मी निकाल लावून मोकळा.

“पेढा परत देऊ का?” हेलनने विचारलं. “अर्धाच उरलाय.”

मग डाउनसॅम्पलिंग केलं. म्हणजे प्लेटचे जादा रीड्स डोळे मिटून काढून टाकले आणि दोघींना सारखं केलं. प्लेटची आघाडी गेली. एकच सॅम्पल दोन्ही पद्धतींनी दोन-दोनदा चालवलं होतं, ती उत्तरंही जुळवली. थेंब दोन्ही वेळा तेच सांगत होते. माझी लाडकी प्लेट पहिल्यांदा एक, दुसऱ्यांदा भलतंच.

शुक्रवारी तो दाणा थेंबांच्या हवाली केला. डेटा स्वच्छ आला. धडा एवढाच, की एक बाजू आपली लाडकी असेल तर मोजमाप दुसऱ्याला करू द्यावं.

घरी हे सगळं रंगवून बायकोला, मेधाला, सांगितलं. ती आमटी वाढत होती.

“आईंची आमटी तू पुण्यात खातोस,” ती म्हणाली, “सुट्टीत, झोप झाल्यावर. माझी खातोस लॅबमधून वैतागून आल्यावर. वीस वर्षं निकाल लावतोयस. रीड्स कधी मोजलेस?”