लेकीची लस

पाळी नसतानाही बायकोला रक्त जायला लागलं, तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात ती पॅकिंगचं काम बघायची. दिवसभर उभं राहून होत असेल, असं तिला वाटलं. माहेरी तारोडीला आईपाशी बोलली, तर आई म्हणाली, बाईच्या जातीला हे चालायचंच. मला तिने सांगितलंच नाही. आम्ही जवळ आल्यावर रक्त दिसायचं, तेही लपवायची. कंबर धरून जिना चढवेना, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला, तोही बराच पुढे गेलेला. याआधी कधी तपासणी केली होती का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. काही त्रास नसतानाही तपासून घ्यायचं असतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. तिशीनंतर अधूनमधून केली असती तर कॅन्सर व्हायच्या आधीच कळलं असतं, असं त्या म्हणाल्या.

केमो झाली, रेडिएशन झालं. अन्नाचा वाससुद्धा तिला सोसेना. तशातही धाकट्या बहिणीच्या मागे लागून तिने तिची तपासणी करवली. मेहुणीला कॅन्सर झाला नव्हता, पेशी बदलायला नुकती कुठे सुरुवात होती, छोट्या उपचारावर निभावलं. मग हिने आमच्या दहा वर्षांच्या लेकीला हा कॅन्सर टाळणारी लस देण्याचा ध्यास घेतला.

हिला बसवत नव्हतं, म्हणून लेकीला मी एकटाच घेऊन गेलो. घरी आल्यावर लेकीने पलंगाशी जाऊन बाही वर केली.

“रडलीस?” हिने विचारलं.

“नाही.” मग जरा थांबून लेक म्हणाली, “आई, तुला का नाही दिली गं ही लस?”

“मला कुणी सांगितलंच नाही, बाळा.”

लेकीने तिच्या कुशीत डोकं घातलं. मी आत जाऊन गॅसवर पाणी ठेवलं. कशासाठी, ते आठवत नाही.

गणपतीनंतरच्या आठवड्यात ती गेली. तेराव्याला पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या बिल्डिंगच्या बायका जमल्या. मेहुणीने त्यांच्यापाशी तपासणीचा विषय काढला, तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघून संकोचल्या. मी उठून जाईन असं त्यांना वाटलं असावं. मी उठलो नाही. मेहुणीला मधेच रडू आलं, मग पुढचं मीच सांगितलं, आधी मराठीत, मग अमराठी शेजारणींसाठी हिंदीत. मराठीतलं रक्त आणि हिंदीतलं खून, दोन्ही शब्द मी मोठ्याने म्हटले.