दर काडतुसामागे एक डॉलर

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगजवळच्या आमच्या रायफल क्लबात मराठी आम्ही तिघंच, पण किस्से तीस जणांना पुरतील इतके. त्यातले निम्मे एकट्या प्रसादचे. मूळचा ठाण्याचा, इथे हॉस्पिटलात आयटीत. काटकसर रक्तातच!

"विकतचं काडतूस दोन डॉलरला, उडवलेलं रिकामं घरी पुन्हा भरलं की एकाला," त्याने बायकोला समजावलं. "दर काडतुसामागे एक डॉलर फायदा!"

"आणि हे गॅरेजभर सामान?" मुग्धाने विचारलं.

"दीड हजार. पण ते एकदाच गं!"

मुग्धाने अट घातली, "वर्षभरात यातून घरात एक डॉलर जरी आला, तरी मी गप्प. नाहीतर रायफल विकायची." गडी लगेच तयार!

पूर्वी हा महिन्यातून एकदा रेंजवर यायचा. आता दर शनिवारी हजर. कारण विचारलं तर म्हणे, "जितकी जास्त उडवीन, तितके जास्त वाचतील ना!"

शूटिंग संपलं की बाकीचे बिअर उघडतात. प्रसाद गवतात रांगत रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचतो. त्याच पुन्हा भरायच्या असतात. आमच्या प्रेसिडेंटला दया आली. "मेट, चष्मा हरवला का?"

"नो वरीज," प्रसाद गवतातूनच म्हणाला, "सेव्हिंग चाललंय!"

आमच्यातला तिसरा डॉमनिक, वसईचा, पेशाने अकाउंटंट. त्याने एकदा विचारलंच, "अरे, तुझ्या वेळेचे किती धरलेस?"

"वेळेला काय पैसे पडतात?"

त्याच आठवड्यात मुलीला स्विमिंगला न्यायला मात्र साहेबांना वेळ नव्हता.

बघता बघता वर्ष संपत आलं. आठवडा उरला, आणि घरात आलेले डॉलर शून्य! आम्ही खूप चिडवलं त्याला, पण खरं सांगतो, वाईटही वाटत होतं. त्या रायफलवर जीव होता त्याचा.

त्या रविवारी आम्ही दोघं त्याच्याकडे चहाला गेलो. ठाण्याहून त्याची आई आली होती. कप ठेवले आणि तिने प्रसादच्या हातात पन्नासची नोट कोंबली.

"घे, मुग्धाला दाखव. तुझी बंदूक वाचली!"

"आई, हे कुठून आले?"

"अरे, गॅरेजमध्ये डबेच्या डबे पितळ नुसतं पडलं होतं. चिंच लावून लखलखीत घासलं आणि शेजारच्या काकांना सांगून मोडीत घातलं. एक पुंगळी मागे ठेवली नाही बघ!"